पॅनल माझ्या गच्चीवर, पैसे तिसऱ्याच्याच खात्यात

१,६५,००० रुपये गेले. गच्चीवर सहा सोलर पॅनल उभे आहेत आणि त्यांचं एकही युनिट माझ्या बिलातून वजा होत नाही. हे चारचौघांत सांगायची मला अजूनही लाज वाटते. शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून माझी बावीस वर्षं कागद तपासण्यात गेली आणि मलाच कागदावर फसवलं, हे कोणत्या तोंडानं सांगू? पण नागपुरात मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर भागात तीच माणसं अजून दारोदार फिरून राहिली आहेत असं कळलं, म्हणून लिहितेय.

योजना खरी आहे. घराच्या गच्चीवर सोलर लावायला सबसिडी देणारी प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,००० आणि वर कितीही मोठं सिस्टिम लावा, सबसिडी ७८,००० च्या पुढं जात नाही. ती अनेकांना मिळालीही आहे, माझ्या नणंदेला मिळाली. खऱ्या योजनेच्या नावानं खोटी माणसं येतात तेव्हा कोणाला संशय येणार?

आमच्याकडे दोन कूलर आणि सासूबाईंच्या खोलीत एसी. नागपूरच्या मे महिन्यात ते बंद ठेवता येत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात महिन्याचं बिल ५,१४० आलं होतं. मिस्टर नोकरीनिमित्त चंद्रपूरला, घराचं सगळं मीच पाहते. मार्चमध्ये दोन मुलं आली. गळ्यात ओळखपत्र, त्यावर योजनेचं चिन्ह. एकानं गच्चीवर जाऊन फोटो काढले, टेप लावून मोजमाप घेतलं. ‘ताई, काही टेन्शन नका घेऊ, सबसिडीपासून मीटरपर्यंत आपली टीम सगळं करून देते.’ तीन किलोवॅटचे १,८६,००० सांगितले. ७८,००० परत येणार म्हणजे घरचे १,०८,०००. हिशोबात कुठं खोट होती? नणंदेनंही जवळपास एवढेच दिले होते.

मी कर्जाचं विचारलं. या योजनेत बँका तारण न मागता कर्ज देतात, हे मला माहीत होतं. तर म्हणे, बँकेच्या मागं लागाल तर उन्हाळा निघून जाईल, एफडी असेल तर मोडा. कारण आता कळतं. बँकेनं विक्रेत्याची नोंदणी तपासली असती आणि पैसा त्याच्याच खात्यात पाठवला असता.

अर्ज त्यांनी आमच्या समोरच्या खोलीत बसून भरला. वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घेतला, आधार घेतलं, रद्द केलेला चेक घेतला. मग त्यातला एक म्हणाला, ‘तुमच्या नंबरवर ओटीपी येऊन नाही राहिला ताई, माझ्या नंबरवरून टाकतो, मग बदलून देऊ.’ तो नंबर कधीच बदलला नाही. अर्ज माझ्या नावाचा, घर माझं, मीटर माझं आणि योजनेचं पोर्टल उघडायचं तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर! अर्जात कोण विक्रेता निवडलाय, अर्ज कुठं अडलाय, मला काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्यांदा अर्ज करायला गेले तर या ग्राहक क्रमांकावर आधीच अर्ज आहे म्हणून पुढं जाऊच देत नव्हतं. पोर्टलवर मोबाइल नंबर स्वतःचाच टाका. ओटीपी येईपर्यंत थांबा, दुसऱ्या दिवशी करा, पण स्वतःचाच टाका.

२०,००० टोकन फोनवरून दिले. आता बँकेतल्या त्या दुपारबद्दल लिहिते, कारण रात्री झोप लागत नाही ती तिच्यामुळे.

एफडी मोडली आणि १,३०,००० पाठवायला एनईएफटीचा फॉर्म भरायला घेतला. खात्याचा तपशील त्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. ‘लाभार्थीचे नाव’ या रकान्यात मी पहिलं अक्षर लिहिलं आणि थांबले. कोटेशनवर एका कंपनीचं नाव आणि खात्यावर भलत्याच ट्रेडर्सचं. पेन हातात तसंच धरून मी तिथूनच फोन केला. तो लगेच म्हणाला, ‘ताई ते आपलंच आहे, जीएसटीसाठी वेगळी फर्म केली आहे, मटेरियल त्याच फर्ममधून येते.’ मागं रांग होती, लंच टाइम व्हायला दहा मिनिटं होती, काउंटरवरच्या मॅडम ‘भरता का ताई?’ म्हणत होत्या. मी नाव पूर्ण केलं आणि सही केली.

ते नाव रोज डोळ्यापुढं येतं. पण मी विचारलं होतं! डोळे झाकून पैसे दिले असते तर गोष्ट वेगळी. फरक मला दिसला, मी फोन केला, मला उत्तर मिळालं आणि ते पटण्यासारखं होतं. इतवारीतल्या किती दुकानांची पाटी एका नावाची आणि बिल दुसऱ्या फर्मचं असतं, नागपूरच्या माणसाला यात नवल वाटत नाही. कोटेशन, पोर्टलवरचा विक्रेता आणि बँक खातं, तिन्हीकडे एकच नाव हवं. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फॉर्म फाडून घरी या.

माल मात्र आठवड्यात आला. ५४० वॅटचे सहा पॅनल, स्ट्रक्चर, इन्व्हर्टर, अर्थिंग, सगळं. पॅनल चढवताना मी गच्चीवर उभी होते, कारण सबसिडीला भारतीय पॅनल लागतात हे मला पक्कं ठाऊक होतं. एक पॅनल उलटा करायला लावला आणि मागचं स्टिकर वाचलं. ‘मेड इन इंडिया’. फोटोही काढून ठेवला. आणखी काय करायचं असतं माणसानं?

नंतर कळलं की तेवढं पुरत नाही. सबसिडीला डीसीआर पॅनल लागतात, म्हणजे पॅनलही भारतात बनलेला हवा आणि त्याच्या आतले सेलही. बाहेरून सेल आणून इथं जोडणी केली तरी स्टिकरवर मेड इन इंडिया येतं, पण सबसिडी मिळत नाही. डीसीआर पॅनल महाग असतो. माझ्याकडून भाव डीसीआरचा घेतला आणि लावले स्वस्तातले. पॅनलच्या सिरीयल नंबरसकट डीसीआरचं सर्टिफिकेट मागा, आणि पॅनल स्ट्रक्चरवर कसायच्या आधी एकेक नंबर जुळवा. एकदा कसले की मागची बाजू दिसत नाही.

मग १५,००० रोख नेले, ‘मीटर आणि लोड वाढवायचे’. पावती मागितली तर ऑफिसकडून येईल म्हणाला. वीज कार्यालयाचा कुठलाही पैसा कार्यालयाच्या पावतीवरच भरायचा असतो, एजंटच्या हातात द्यायचा नसतो.

नेट मीटर, म्हणजे बाहेर गेलेली वीज बिलातून वजा करणारं मीटर, आलंच नाही. ‘तोवर चालू करून ठेवा, वीज फुकट जाते,’ म्हणून त्यांनी इन्व्हर्टर चालू करून दिला. मे महिन्याचं बिल आलं ६,३८०! सोलर लावून वाढलं. साधं मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापरलेली म्हणून मोजू शकतं. दुपारी आम्ही शाळेत-ऑफिसात, पॅनलची सगळी वीज तारेत जात होती आणि तिचे पैसे आम्हीच भरत होतो. वर मंजुरीशिवाय चालू केलं म्हणून वीज कार्यालयात मलाच बोलणी खावी लागली. नेट मीटर बसून तपासणी होईपर्यंत सिस्टिम बंदच ठेवा. आणि लाइट गेल्यावर घर चालेल असं कोणी सांगितलं तर तेही खोटं आहे. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सिस्टिम लाइट गेली की बंद पडतं.

जूनमध्ये दोन्ही फोन बंद. कोटेशनवरच्या पत्त्यावर गेले तर तिथं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. पोर्टलवरचा नोंदणीकृत विक्रेता शोधून काढला, तो म्हणतो ही आमची माणसं नाहीत, पूर्वी कमिशनवर गिऱ्हाईक आणायची. मग त्याचं नाव माझ्या अर्जात कसं आलं? या योजनेत नोंदणीकृत विक्रेत्याला पाच वर्षं देखभाल करून द्यावी लागते. त्यानं माझी गच्ची एकदाही पाहिली नाही.

आणि सरकारी कार्यालयं! वीज कार्यालयात सांगितलं, विक्रेता तुम्ही निवडला, आम्ही फक्त मीटर पाहतो. योजनेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर उत्तर आलं की आपल्या वीज कार्यालयाशी संपर्क साधा. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, तर म्हणाले तुम्ही स्वतः बँकेत जाऊन पैसे पाठवले, यात सायबर काय? बँकेत म्हणाले, खातेदाराची माहिती देता येत नाही. पोलीस ठाण्यात बाकावर दुपार काढल्यावर साहेबांनी फाइल चाळली आणि म्हणाले, ‘मॅडम, माल तर लावला ना त्यानं? मग फसवणूक कशी? हा दिवाणी मॅटर आहे, ग्राहक मंचात जा.’ खोट्या नावानं पैसे घेतले, दाखवला एक माल आणि लावला दुसरा, खोटी ओळखपत्रं घालून घरात शिरले. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र तयार नव्हते. मी जागेवरून उठले नाही तेव्हा शिक्का मारला. योजनेच्या जाहिराती चौकाचौकांत लावायला यंत्रणा आहे, त्या योजनेच्या नावानं लुटलेल्या बाईचं ऐकायला एक टेबल नाही. प्रत्येक जण दुसऱ्याची खोली दाखवतो आणि त्या मुलांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर ती बिनधास्त फिरतात.

माझ्या शब्दावर शेजारच्या काकूंनीही २०,००० टोकन दिलं होतं. त्यांच्या गच्चीवर साधी पट्टीही लागली नाही. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकिलाशिवायही करता येते, मी केली. एनईएफटीची पावती, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, स्टिकरचे फोटो, वाढलेलं बिल, सगळं जोडलं. काकूंचंही प्रकरण सोबत दिलं. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना विकू नका.

नोंदणीकृत विक्रेत्याला नोटीस पोचली आहे. ट्रेडर्सची नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत आली. याच पद्धतीनं, कोटेशन एका नावाचं आणि खातं ट्रेडर्सचं, ज्यांनी पैसे दिले असतील त्यांनी आपली पावती काढून ठेवा आणि आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. एकाच खाते क्रमांकाच्या चार-पाच तक्रारी पुढं आल्या की दिवाणी मॅटर म्हणून कोणाला परत पाठवता येणार नाही. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय मात्र तिथून उठू नका.