खरपुडीचे कंद पुरवणाऱ्या एका रोपवाटिकेविषयी

दुर्मीळ रानफुलाचे रोप विकत घ्यावे की नाही, हे ते रोप आले कुठून यावर ठरते. सेरोपेजिया, म्हणजे आपल्याकडे खरपुडी किंवा कंदीलपुष्प या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत तर ही चौकशी टाळताच येत नाही. कारण त्यांचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो आणि रानातून उपटलेल्या प्रत्येक कंदाबरोबर त्या जागेवरचे एक रोप कायमचे जाते. म्हणून देशी वनस्पती वाढवणाऱ्या एका छोट्या रोपवाटिकेकडे मागणी नोंदवण्यापूर्वी मी प्रथम हेच विचारले. उत्तर नेमके मिळाले: कंद बियांपासून वाढवलेले आहेत, मातृरोपे रोपवाटिकेतलीच आहेत आणि संकर होऊ नये म्हणून निरनिराळ्या जाती एकमेकींपासून दूर ठेवल्या आहेत. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील सेरोपेजिया लॉईसारख्या मोजक्या ठिकाणी आढळणाऱ्या जाती ते हौशी ग्राहकांना देत नाहीत. मला त्यांनी सह्याद्रीत तुलनेने सहज दिसणाऱ्या सेरोपेजिया हिर्सुटाचे तीन कंद दिले. या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला हा नकारच वाटतो.

कंद कोरड्या वाळूत नीट बांधून आले. सोबतच्या सूचना थोडक्या पण उपयुक्त होत्या: मातीत जांभ्याची बारीक खडी मिसळावी, पावसाळ्यानंतर पाने वाळू लागली की पाणी थांबवावे आणि कंद उकरून पाहण्याचा मोह आवरावा. पहिल्या पावसानंतर तिन्ही रुजले, काठीला वेढे देत वर चढले आणि पावसाळा सरण्याआधी फुलले. या फुलाची रचना जवळून पाहता येणे हाच मुळात मोठा लाभ आहे. तळाशी फुगीर असलेल्या नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. वासाने आलेली चिलटे आत सरकतात आणि त्या केसांमुळे त्यांना लगेच माघारी येता येत नाही. पुढे केस सुकतात, फूल कलते आणि परागपुंज अंगाला चिकटलेले चिलट बाहेर पडून दुसऱ्या फुलाकडे जाते. माझ्या वेलींवर फुले पुष्कळ आली, शिंगांसारख्या शेंगांची जोडी मात्र एकच धरली.

कुंडीत फुलणे म्हणजे रानात टिकणे नव्हे. त्यामुळेच सोबतच्या पत्रकातील एका वाक्यावर माझा गंभीर आक्षेप आहे. ‘हे रोप लावा आणि एक दुर्मीळ रानफूल वाचवा’ असे त्यात म्हटले होते. कुंडीतल्या रोपाने रानातल्या कंदांची मागणी कमी होऊ शकते, बियांचा साठा राहू शकतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने वनस्पती उद्यानात सेरोपेजियाच्या अनेक जाती जोपासून असे काम पुष्कळ केले आहे. परंतु ज्या उतारावर चिलटे, आधाराची झुडपे, पातळ माती आणि पावसाचा ठराविक क्रम एकत्र असतो, तो उतार रस्त्यासाठी कापला गेला, सडा, म्हणजे जांभ्याचे सपाट पठार, चिऱ्यांसाठी खणला गेला किंवा बागेसाठी यंत्राने सपाट केला गेला, तर कुंडीतला वेल परत न्यायला जागाच उरत नाही. विकत घेतलेली रोपे स्वतःहून डोंगरावर लावणे तर अधिकच धोक्याचे आहे, कारण तिथल्या मूळ रोपांशी त्यांचा संकर होऊ शकतो. पत्रकात हा इशारा असायलाच हवा होता.

मी हे लेखी कळवल्यावर रोपवाटिकेने ते वाक्य काढून टाकले. शेंगांमधल्या, रेशमी केसांचा झुबका असलेल्या निम्म्या बिया मी त्यांना परत पाठवल्या, तेव्हा किती रुजल्या आणि कोणत्या वाफ्यात लावल्या याची नोंदही त्यांनी न मागता पाठवली.