ठाण्याच्या चरईतलं फिजिओ क्लिनिक: मशीन कमी, घाम जास्त

गणपतीच्या आदल्या आठवड्यात भरलेला सिलिंडर सरकवायला म्हणून कमरेतून वाकलो आणि तिथेच खाली बसलो. 14.2 किलो गॅस म्हणतो आपण, पण टाकीचं वजन धरलं तर 30 किलोच्या आसपास जातं ते. कमरेतल्या एल4-एल5 मणक्यांमधली डिस्क (गादी) सरकली, उजव्या पायाचा अंगठा वर उचलेना, चालताना चप्पल निसटायची. अंगठ्याची ताकद गेलीय म्हटल्यावर सर्जननी वाट बघितली नाही, ऑपरेशन केलं. (लघवी-संडासवरचा कंट्रोल जात असेल किंवा बैठकीचा भाग बधिर वाटत असेल तर रिव्ह्यू वाचत बसू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा.)

ऑपरेशननंतर फिजिओसाठी आधी दुसऱ्या एका सेंटरला 10 सिटिंगचे पैसे एकदम भरून बसलो, नाव घेत नाही. पालथं झोपवायचे, आयएफटीचे (हलका करंट देणाऱ्या मशीनचे) पॅड लावायचे, 20 मिनिटं झिणझिण्या मग शेक, की चला घरी. छान वाटायचं हो, पण राम मारुती रोडपर्यंत येईस्तोवर कंबर जैसे थे. नंतर वाचलं तर ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या 2016च्या गाइडलाइनमध्ये कंबरदुखी-सायटिकाला आयएफटी, ट्रॅक्शन (कंबर ताणणं), बेल्ट देऊ नका असंच लिहिलंय. ऑपरेशनवाल्यांचं वेगळं असेलही, पण माझे पैसे गेले ते गेलेच.

मग हे चरईतलं, तलावपाळीहून चालत पाच मिनिटं. पहिल्या दिवशी मशीनच दिसेना म्हणून मी मनातल्या मनात चिडलो. मॅडमनी झाडूचा दांडा आणला, पाठीवर उभा धरला, डोकं, खांद्यांच्या मधे आणि माकडहाड, तिन्हीकडे टेकलेला ठेवून वाका म्हणाल्या. कमरेतून नाही, खुब्यातून. बघायला सोप्पं वाटतं, माझा दांडा डोक्यापासून सारखा सुटायचा आणि त्या शांतपणे "परत" म्हणायच्या. आई म्हणते 600 रुपये देऊन झाडू धरायला जातोस होय रे! पण चाळिशीत पहिल्यांदा मला वाकता यायला लागलं. अंथरुणातून उठायचं पण शिकवलं, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर. ऐरोलीच्या ऑफिसात अर्ध्या तासाने उठायचा अलार्म त्यांनीच माझ्या मोबाइलवर लावून दिला, मॅनेजर आता विचारायचा पण बंद झालाय.

तीन महिने झाले, अंगठा बऱ्यापैकी उचलतोय, पावलावर वरच्या बाजूला थोडं बधिर आहे अजून.

तक्रार एकच, पाठीचं क्लिनिक आणि लिफ्ट नाही!! पहिला मजला, जुन्या बिल्डिंगच्या उंच पायऱ्या, कठडा हलतो. ऑपरेशननंतर लगेच जाणार असाल तर कोणालातरी बरोबर न्या. संध्याकाळी 7 नंतर अपॉइंटमेंट असूनही अर्धा तास थांबावं लागतं आणि तिथे बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, मी उभाच राहतो.