किराण्यासाठी स्कॅनर न् लेबल प्रिंटर : घ्या, पण पाहून

आमचं दर्यापूर तालुक्यात किराणा दुकान हाये. बारकोड वाचनारा स्कॅनर घ्याचा असन तं टूडीच (रेघायचा बारकोड न् चौकोनी क्युआर दोनी वाचनारा) घ्या भाऊ, लाल रेघवाला वनडी स्वस्त भेटते पण क्युआर कोड त्याले वाचताच येत नाही. यूएसबी लावला का सुरू, कॉम्प्युटरले तो कीबोर्डच वाटते.

प्रिंटरची गोष्ट येगळी. आमचा डायरेक्ट थर्मल, २०३ डीपीआय (म्हंजे इंचाले २०३ ठिपके), शाई नाही रिबन नाही, सुट्या तूरडाळीच्या अर्धा किलोच्या पुड्यायले ५० बाय २५ मिमीचं लेबल चराचरा निघते. (कंपनीच्या पाकिटावर बहुतेक ८९० नं सुरू होनारा बारकोड असतेच, त्याले लेबल कायले लावता?) पण मे महिन्यात दाराजवळच्या पुड्यायवरचे लेबल असे फिके पडले का रेघाच दिसेना, स्कॅनर मुका आन् गिऱ्हाईक उभं. कागद उष्णतेनंच छापल्या जाते, तं आपल्या इकडच्या उन्हात टिकन का? विकनाऱ्यानं हे एका शब्दानं सांगतलं नाही, याचाच राग येते. आठवड्यात खपनाऱ्या मालाले मस्त हाये, पन सालभर राहनाऱ्या मालाले शाईच्या रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटरच पाहा, थोडा महाग पडते. लाईनचा भरोसा नाही तवा यूपीएस बी धरा हिशोबात. स्कॅनरले पाच स्टार, प्रिंटरले तीन.