पुडी बांधून न देणारं मेडिकल

सक्करदऱ्यातल्या या मेडिकलला चार स्टार. पाचवा का नाही, ते खाली लिहिलंय.

2024 च्या साथीत आमच्या गल्लीत घरोघरी चिकनगुनिया होता. पावसाळा लागला तरी कूलर खिडकीतच, टाकीत पाणी तसंच. एडिस डासाला आणखी काय पाहिजे? (नागपुरात ही साथ 1965 मध्येही येऊन गेलेली, पाहुणा जुनाच आहे.) ताप उतरला, बोटं मात्र आखडली ती आखडलीच. मी शिवणकाम करते. सकाळी कात्री मिटत नव्हती.

अशा वेळी लोक पुडी आणतात. शेजारणीनं दुसऱ्या एका दुकानातून आणलेली मी पाहिली: कागदात चार रंगांच्या सुट्या गोळ्या, ना नाव ना एक्स्पायरी. डेंगू नाही हे नक्की होईस्तोवर डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर घेऊ नये, रक्तस्रावाची भीती असते, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

इथल्या काउंटरवरच्या ताईपुढे मी मोबाइल धरला. भाऊजींचा मेसेज होता, डॉक्सिसायक्लिन आणि रिबाव्हिरिन सोबत घ्या, चिकनगुनिया साफ.

"काकू, हे नाही देत मी."

"काहून जी? जुनीच औषधं तर आहेत."

गर्दी असूनही तिनं समजावलं. जुनी औषधं जोडीनं वापरून पाहतात ते खरं, नवं औषध यायला वर्षं जातात. पण या जोडीचा 2015 चा प्रयोग पेशींवर आणि उंदरांवरचा. रिबाव्हिरिननं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, गरोदर बाईला तर ते चालतच नाही. क्लोरोक्विनचंही असंच झालं म्हणाली. प्रयोगशाळेत चाललं, 2006 मध्ये रियुनियन बेटावर रुग्णांना दिलं तर फायदा दिसला नाही. उलट काही महिन्यांनी सांधेदुखीची तक्रार ते घेतलेल्यांचीच जास्त.

पुढे सांध्यांच्या डॉक्टरांनी मला तीन औषधं एकत्र दिली: मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ही विषाणू मारत नाहीत, सांध्यांची सूज आवरतात. हा मेळ माणसांवर तपासलेला आहे. केरळच्या डॉक्टरांनी रेंगाळलेल्या चिकनगुनियाच्या सांधेदुखीत एका गटाला नुसतं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिलं, दुसऱ्याला तिन्ही. 24 आठवड्यांनी तिन्हीवाल्यांना जास्त आराम होता. ते 2017 मध्ये छापून आलं.

चिठ्ठी पाहताच ताईनं लाल पेन काढला. मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात "फक्त रविवार" लिहिलं, ती वेगळ्या पाकिटात घालून स्टेपल केली आणि माझ्याकडून वदवून घेतलं, "रोज नाही, आठवड्यातून एकदा." रोज घेतली तर जिवावर बेततं. फॉलिक अ‍ॅसिडच्या पाकिटावर वेगळा वार. सल्फासलाझिननं लघवी नारिंगी होते, घाबरू नका, हेही तिनंच सांगितलं. रक्त आणि लिव्हरची तपासणी कधी, ते विचारल्याशिवाय तर ती पुढचा महिना देतच नाही. पहिल्यांदा राग आला होता मला. आता कात्री चालते, लग्नसराईचे ब्लाऊज घेतलेत.

एक स्टार कापला तो मालकासाठी. दुपारी शटर अर्धं ओढून बसतात, सुटे नसले की चॉकलेट हातावर ठेवतात. गाडी लावायला जागा नाही. सल्फासलाझिन बरेचदा संपलेलं असतं, फोन करूनच जा.