कॉन्सर्टची ब्लू-रे, आठ महिन्यांनंतर: चित्र देखणं, स्टिरिओ उत्तम, पण 5.1 मध्ये स्नेअर दोनदा वाजतो

दिवाळीत घेतलेली ही ब्लू-रे. आता पाऊस सुरू झालाय. मधल्या काळात ती सलग नऊ-दहा वेळा तरी बघून झाली आणि तुकड्यातुकड्याने किती वेळा, त्याला गणतीच नाही. एका जुन्या इंग्लिश रॉक बँडचा बंदिस्त अरीनातला कार्यक्रम आहे. त्यांची गाणी मी कॉलेजपासून ऐकतोय, म्हणून डिस्क हातात आल्यावर फार आनंद झाला होता. पण पहिल्याच संध्याकाळी 5.1 (पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि एक सबवूफर असा घेरून येणारा आवाज) लावलं आणि काहीतरी खटकलं. नेमकं काय, ते कळायला चार महिने गेले.

सुरुवातीच्या दोन चुका माझ्या जोडणीतल्या होत्या. प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही एआरसीने (एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) रिसिव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरला, अशी माझी मांडणी. साध्या एआरसीतून लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावलेला, 5.1 जातच नाही, त्याला ईएआरसी ही तिची सुधारित आवृत्ती लागते. माझा टीव्ही तर डीटीएस, म्हणजे डिस्कवरच्या 5.1 चा फॉर्मॅट, पुढे पाठवतच नव्हता, त्यामुळे रिसिव्हरला नुसता स्टिरिओ मिळायचा आणि तो स्वतःच्या हिशेबाने मागचे स्पीकर भरायचा. प्लेअरची एचडीएमआय थेट रिसिव्हरला लावली. तरी रिसिव्हरच्या पट्टीवर नुसतं ‘डीटीएस’ दिसायचं, ‘एचडी मास्टर’ हा त्याचा लॉसलेस प्रकार नाही. दोष प्लेअरच्या मेनूतल्या ‘सेकंडरी ऑडिओ’चा निघाला. ते चालू असलं की मेनूचे टिकटिक आवाज मूळ आवाजात मिसळता यावेत म्हणून प्लेअर सगळंच साध्या, दाबलेल्या फॉर्मॅटमध्ये नव्याने बांधून पाठवतो. ते बंद केलं आणि झांजांवरचा धुरकटपणा गेला. ज्यांच्याकडे ब्लू-रे प्लेअर आहे त्यांनी आजच ही सेटिंग तपासा.

एवढं करूनही मूळ खटका तसाच राहिला. एकदा मेहुणा आला होता. तिसरं, जलद गाणं चालू असताना तो मान वळवून म्हणाला, “दाजी, मागे कुणी वेगळाच ड्रम वाजवतंय का?” तेव्हा मला नीट ऐकू आलं. पुढे स्नेअरचा (काठीने वाजवायच्या, कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका बसला की पाठोपाठ मागून तोच फटका, जरा बोथट होऊन. ठाक-ठक, ठाक-ठक.

मग रिसिव्हर बंद करून पुढच्या तिन्ही स्पीकरच्या वायरी काढल्या आणि फक्त मागचे दोन ऐकले. टाळ्या, शिट्ट्या, गुणगुण आणि त्यात लांबून आल्यासारखा अख्खा बँड. पुन्हा सगळं जोडलं, खुर्चीच्या पाठीवर फोन ठेवून त्या गाण्याचं अर्धं मिनिट रेकॉर्ड केलं आणि ऑडॅसिटी या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. प्रत्येक स्नेअरला दोन शिखरं, मधलं अंतर सुमारे 80 मिलिसेकंद. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे हे अंतर झालं 27 मीटर. प्रेक्षकांचा आवाज टिपणारे माइक मंचापासून तेवढ्या लांब टांगले असणार आणि त्यांचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं मागच्या चॅनेलवर टाकलं असणार.

एरवी मिक्स करताना हे ट्रॅक तेवढे आधी वाजतील असे सरकवून मंचावरच्या माइकशी जुळवून घेतात. तीस-चाळीस मिलिसेकंद मागे राहिलेलं गाणं कान मूळ आवाजातच जिरवून घेतो. स्नेअरसारख्या टोकदार फटक्याला तर तेवढीही सवलत नसते. ऐंशीला तो सरळ प्रतिध्वनी होतो.

माझ्या खोलीचा दोष नाही ना, हेही पाहिलं. त्याच खुर्चीवरून दुसऱ्या दोन कॉन्सर्ट डिस्क रेकॉर्ड केल्या, तिथे शिखर एकच. दुकानदाराने डिस्क बदलून दिली, त्या प्रतीतही तेच 80. म्हणजे चूक मास्टरमध्येच, ज्यावरून सगळ्या प्रती निघतात त्या मूळ रेकॉर्डिंगमध्येच आहे. डिस्क काढणाऱ्या कंपनीला आलेखाच्या चित्रासकट लिहिलं. उत्तर आलं की प्लेअर तपासून पाहा. याचं मला खरंच वाईट वाटलं. ज्या लोकांनी चित्रावर इतकी मेहनत घेतली, घामाचा थेंब न् थेंब दिसतो, त्यांनी 5.1 एकदा बसून ऐकायला हवं होतं.

उपाय म्हणून रिसिव्हरमधल्या स्पीकरच्या अंतराशी खेळून पाहिलं. इथे बरेच जण उलट करतात. मागचे स्पीकर जास्त लांब आहेत असं सांगितलं, की रिसिव्हर त्यांचा आवाज इतरांच्या आधी सोडतो, म्हणून आकडा वाढवायचा. पण माझा रिसिव्हर 6 मीटरपेक्षा जास्त फरक घेत नाही. त्यातून 17-18 मिलिसेकंद वाचतात, 80 चे 62 होतात. पुरत नाही. मागचे स्पीकर 5 डेसिबलने खाली आणले तेव्हा जलद गाणी सुसह्य झाली. सबवूफरही 2 डेसिबलने उतरवला, किक ड्रम फार घुमत होता.

घ्यावी का? स्टिरिओवर ऐकणाऱ्याने डोळे मिटून घ्यावी. डिस्कवरचा पीसीएम, म्हणजे न दाबलेला, स्टिरिओ ट्रॅक इतका स्वच्छ आहे की बेसची तार सुटतानाचा खरखरीत स्पर्शही कळतो. फक्त 5.1 साठी पैसे टाकणार असाल तर नको.

तरी एक जागा आहे. नवव्या, संथ गाण्यात वादक हात थांबवतात आणि अख्खं सभागृह ध्रुपद गातं. तिथे पुढे काहीच वाजत नसतं, त्यामुळे जुळायचं काही उरत नाही, आणि हजारो गळे पाठीमागून अंगावर येतात. मी आठव्या गाण्यापर्यंत स्टिरिओवर असतो. नववं सुरू झालं की रिमोटचं ऑडिओ बटण दाबून 5.1 लावतो आणि मागचे स्पीकर पुन्हा 5 डेसिबलने वर घेतो.