टू-डी इकोसाठी दादरचं हे सेंटर : जिना सोडला तर मोठी तक्रार नाही

साडेचार स्टार द्यायचे होते पण इथे अर्धा देता येत नाही म्हणून चार दिलेत, आणि जो कापलाय तो जिन्यासाठी. टू-डी इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी, आणि ती करायची जागा दुसऱ्या मजल्यावर, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, म्हणजे ज्याला धाप लागते म्हणून आणलंय त्यालाच आधी दोन मजले चढवायचे. खालून फोन केला तर दोन मुलं खुर्ची घेऊन येतात आणि पेशंटला बसवून वर नेतात हे आम्हाला वर पोचल्यावर रिसेप्शनच्या ताईंनी सांगितलं. अहो मग खाली गेटवर एक बोर्ड लावा ना.

आता मुद्द्याचं. माझे सासरे, अप्पा, वय ७४, बेस्टमधून रिटायर झालेले. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ताप म्हणून तपासताना छातीला स्टेथोस्कोप लावला, मग मानेला लावला, परत छातीला लावला, आणि म्हणाले मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येतोय, टू-डी इको करून घ्या. तोपर्यंत घरात सगळ्यांचं एकच, वय झालं आता, दम लागायचाच.

आधी आम्ही एका चकाचक लॅबमध्ये गेलो होतो, नाव घेत नाही, एसी, कॉफी मशीन, सगळं होतं. कार्डिअॅक पॅकेज स्वस्तात होतं म्हणून घेतलं. त्यांच्या पॅकेजमध्ये आधी ट्रेडमिल (पट्ट्यावर चालवून ईसीजी) आणि मग इको असा क्रम. मर्मर आहे अशी चिठ्ठी हातात होती ती कोणी वाचली नाही, अप्पांना थेट पट्ट्यावर चढवलं, थोड्याच वेळात त्यांना धाप लागली, घाम आला, थांबवलं, आणि रिपोर्टमध्ये काय लिहिलं तर पेशंटचा एफर्ट अपुरा. ३५ वर्षं बेस्टमध्ये काढलेल्या माणसाचा एफर्ट अपुरा! नंतर इको, तोही घाईघाईत, टेक्निशियनने केला, डॉक्टरांची फक्त सही. महाधमनीची झडप (हृदयातून अंगाला रक्त जातं तिथलं दार) मध्यम आवळलेली आहे, एका वर्षाने परत करा, असं त्यात होतं. हे नंतर कळलं की झडप जास्त आवळलेली असेल आणि धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर ट्रेडमिल करायचीच नसते, धोका असतो, पट्ट्यावर माणूस कोसळू शकतो. म्हणून आधी इको, मग ठरवायचं. पॅकेज बनवणाऱ्याला हे माहीत नसावं का, की माहीत असून पॅकेज भरगच्च दिसावं म्हणून घालतात, देव जाणे.

रिपोर्ट बघून फॅमिली डॉक्टरांनाच पटेना. ते म्हणाले माझ्या कानाला जे ऐकू येतंय ते मध्यम वाटत नाही, दादरला जाऊन या.

तर इथे. पहिला फरक म्हणजे डॉक्टर स्वतः प्रोब, म्हणजे छातीवर फिरवायचं यंत्र, धरतात. ईसीजीच्या पट्ट्या लावल्या, डाव्या कुशीवर वळवलं, जेल कोमट करून लावतात (ज्यांनी थंडगार जेलचा झटका खाल्लाय त्यांना याची किंमत कळेल), आणि मग माणूस घाई म्हणून करत नाही. मला आत उभं राहू दिलं. बराच वेळ डाव्या बाजूने बघून झालं, डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक वेगळा, पेनासारखा बारीक प्रोब काढला, आणि म्हणाले, काका आता उजव्या कुशीवर वळा. मला वाटलं झालं वाटतं. पण नाही, छातीच्या उजव्या बाजूने, बरगड्यांच्या मधून, तो पेन तिरका करत करत काहीतरी शोधत होते, या प्रोबला चित्रच दिसत नाही म्हणे, नुसत्या आवाजावर शोधायचं. मशीनमधून खरखर येत होती, मग एका जागी ती एकदम बारीक झाली, शिट्टीसारखी, आणि स्क्रीनवरचे डोंगर उंच झाले. तिथे हात धरून ठेवला. अप्पांना श्वास रोखायला सांगितला, फोटो घेतले, परत तेच, परत तेच.

हा सगळा खटाटोप का ते त्यांनी नंतर कागदावर काढून दाखवलं आणि खरं सांगते, या एका गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं झडप जेवढी आवळलेली तेवढा रक्ताचा फवारा जोरात. इकोमध्ये झडपेचं भोक नुसतं डोळ्याने मोजत नाहीत, या फवाऱ्याचा वेग मोजतात. पण डॉपलरची, म्हणजे हा वेग मोजणाऱ्या लहरींची, रेघ फवाऱ्याच्या बरोबर दिशेत पडली तरच खरा वेग मिळतो. वीस अंश चुकलं तर वेग ६ टक्क्यांच्या आसपास कमी दिसतो, तेवढं चालून जातं, पण चाळीस अंश चुकलं तर जवळजवळ पाव वेग गायब. आणि वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणलं की झडपेच्या अलीकडे पलीकडे प्रेशरचा फरक मिळतो, म्हणजे वेगातली चूक वर्ग होऊन पुढे जाते. अप्पांचा आधीच्या लॅबमध्ये वेग आला होता सेकंदाला ३.३ मीटर, इथे उजव्या बाजूने आला ४.३. ऐकायला एकाचाच फरक, पण प्रेशर काढलं तर ४४ च्या जागी ७४. वेग ४ च्या वर गेला, किंवा प्रेशरची सरासरी ४० च्या वर गेली, की झडप गंभीर आवळलेली धरतात. म्हणजे तेच हृदय, तोच माणूस, एका ठिकाणी वर्षभराने या आणि दुसऱ्या ठिकाणी आता थांबू नका.

चूक नेहमी कमीच्या बाजूनेच होते का असं मी विचारलं, तर म्हणाले या बाबतीत बहुतेक तसंच, तिरकं धरून वेग वाढत नाही, कमीच होतो, म्हणून सगळ्या बाजूंनी शोधून सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. निरोगी झडप उघडते तेव्हा ३ ते ४ चौरस सेंटीमीटर जागा होते, अप्पांची ०.८ राहिलीय. हा जागेचा आकडा काढताना झडपेच्या खालच्या वाटेची रुंदी मोजतात, तिचाही वर्ग होतो, २० मिलिमीटरच्या जागी १८ धरलं की उत्तरात एक पंचमांश फरक. ती रुंदी त्यांनी परत परत मोजली तेव्हा मला आधी वाटलं मशीन बिघडलंय.

दुसरी गोष्ट, ते पेशंटशी बोलतात. काका दम लागतो का, असं विचारल्यावर अप्पा नेहमीप्रमाणे नाही म्हणाले. दमबीम काही नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, मागच्या गणपतीत करत होता आणि यंदा नाही केलं असं काय आहे? अप्पा गप्प. मग म्हणाले, आरतीला यंदा खुर्ची घेतली. आणि मूर्ती आणायला गेलो नाही, पोरांना पाठवलं. मग हळूहळू एकेक निघायला लागलं, दादरच्या पुलावर मधेच थांबून गाड्या बघत उभे राहतात, भाजी आता मंडईतून न आणता दारावरच्या गाडीवरून घेतात. घरात आम्हाला वाटत होतं म्हातारपणात गाड्या बघायचा छंद लागला. हा आजार असलेली माणसं म्हणे असंच करतात, दम लागेल ते काम हळूच सोडून देतात आणि मग दम लागत नाही असं सांगतात.

स्पष्ट बोलतात हे आवडेल न आवडेल, मला आवडलं. अप्पांच्या समोरच सांगितलं, मला बाजूला घेऊन नाही. झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक झालीय, वयाने होते, ती मऊ करणारं औषध नाही, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या पण करून बघितल्यात लोकांनी, त्याने आवळणं थांबत नाही. आणि लक्षणं सुरू झाल्यावर तसंच ठेवलं तर दोन वर्षांत साधारण निम्मे लोक राहत नाहीत. अप्पा म्हणाले, मग बदला. एवढंच. मलाच पाणी प्यावं लागलं.

आमच्या घरात सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची असं सगळ्यांना पाठ आहे. डॉक्टरांनी पर्समधून काढायला लावली. झडप एवढी आवळलेली असताना त्याने बीपी एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते, विचारल्याशिवाय द्यायची नाही. हे आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

बदलायचं म्हणजे छाती उघडून किंवा मांडीच्या धमनीतून नळी घालून, या नळीवाल्या पद्धतीला टावी म्हणतात. नळीतून झडप बसवायचं पहिल्यांदा फ्रान्समध्ये रूआँला २००२ साली अलँ क्रिबिए यांनी केलं, आणि आता तशी झडप आपल्या शेजारी वापीत बनते हे ऐकून अप्पांना जाम मजा वाटली, म्हणे फ्लाइंग राणी ट्रेनने जाऊन घेऊन येऊ. खर्च लाखांत आहे, त्यावर इथे लिहीत नाही कारण प्रत्येक हॉस्पिटलचा आकडा वेगळा सांगतात. डॉक्टरांनी कुठल्या हॉस्पिटलात जा हे सांगितलं नाही, मी खोदून विचारलं तरी नाही. एवढंच म्हणाले की जिथे जाल तिथे सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांनी मिळून बघायला हवं, आणि पेसमेकर लागला तर त्याचा खर्च धरलाय का ते आधी विचारा, कारण टावीनंतर काही जणांना तो लागतो. कमिशनचा वासच नाही आला, मुंबईत ही पण रिव्ह्यूत लिहायची गोष्ट झालीय.

वेटिंगबद्दल. अपॉइंटमेंटच्या वेळेला नंबर लागेल ही आशा सोडा. एकेका पेशंटला पाऊण तास देणारा माणूस वेळेत कसा असेल. बाकडी अरुंद आहेत, पंखा एकच चांगला, टीव्ही म्यूट करून बातम्या. गप्पा मात्र होतात. आमच्या शेजारी एक मुलगी होती, पंचविशीची असेल, तिची डाव्या बाजूची, मायट्रल झडप आवळलेली, लहानपणी घसा दुखून संधिवाताचा ताप आला होता त्याचं हे उरलेलं. तिला फुग्याने झडप उघडणार होते, कानजी इनोए नावाच्या जपानी डॉक्टरांचा फुगा, १९८४ पासून वापरात आहे, मांडीच्या शिरेतून जातो आणि झडप बदलावी लागत नाही. अप्पांना फुगा का नाही मग, तर तिच्या झडपेच्या पाकळ्या कडेला चिकटलेल्या आहेत, त्या सुटतात, यांच्या चुन्यासारख्या कडक, फुगा काढला की थोड्या महिन्यांत परत तेच. तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, त्याला ती आमच्या अप्पांपेक्षा जास्त वैतागलेली होती.

आणि एक काकू होत्या, मिस्टरांना घेऊन आलेल्या. त्यांच्या स्वतःच्या मणक्याची नळी आवळलेली, डी-मार्टमध्ये ट्रॉली ढकलत तासभर फिरतात पण रिकाम्या हाताने स्टेशनपर्यंत चालवत नाही, पाय भरून येतात. वाकलं की नळीत जागा होते म्हणून ट्रॉलीने बरं वाटतं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा काकूंनी ते पण विचारून घेतलं, आणि डॉक्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं. अशी ही जागा.

तक्रारी अजून दोन. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, डॉक्टर तोंडी मराठीत छान समजावतात पण घरी येऊन सासूबाईंना दाखवायला कागदावर काही नाही, मी तो पाइपवाला कागद मागून आणला. आणि टॉयलेट, त्याबद्दल न बोललेलं बरं. लेडीज पेशंट असेल तर आत बाई असते, गाऊन स्वच्छ होता, ते चांगलं.

फी अडीच हजार घेतली. पालिकेच्या हॉस्पिटलात बरीच कमी पडेल, डॉक्टरही चांगले असतात, पण तारखेसाठी थांबावं लागतं आणि आमचा धीर सुटला होता. पॅकेजवाल्यांपेक्षा महाग आहे, हो आहे, पण तिकडे जे दिलं ते वाया गेलं ते धरा ना.

अप्पांचं सीटी झालंय, आता टावीच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, किडलेली दाढ ठेवून नवीन झडप बसवत नाहीत, तिथून जंतू रक्तात जाऊन झडपेला लागू शकतात. दाढ काढायची म्हटल्यावर मात्र अप्पा घाबरलेत, हृदयाला हो म्हणाले आणि दाढेला नको.

जाणाऱ्यांसाठी : जुने सगळे रिपोर्ट न्या, ते खरंच वाचतात. क्लिप पेन ड्राइव्हवर मागून घ्या, पुढच्या हॉस्पिटलात परत सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, पेन ड्राइव्ह आपला न्यायचा. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, बाहेर खरेदीच्या गर्दीत टॅक्सी आत येत नाही. यूपीआय चालतं पण आत नेटवर्क लागत नाही, जिन्यात यावं लागतं, तेव्हा कॅश बरी. आणि खालूनच फोन करून खुर्ची मागवा.