मॉन्ट टेरी: डोंगराच्या पोटातली लॅब, जमलं तर जाऊन याच

स्वित्झर्लंडमधे सगळे डोंगरावर जातात, आम्ही डोंगराच्या पोटात गेलो. ज्युरा भागातलं सेंट उर्सान हे टुमदार गाव, तिथल्या हायवे बोगद्याच्या सेफ्टी गॅलरीतून आत शिरायचं की साधारण ३०० मीटर डोंगर आपल्या डोक्यावर. अणुकचरा चिकणमातीच्या खडकात पुरला तर काय होईल, यावर १९९६ पासून इथे प्रयोग चालू आहेत. (इथे कचरा नाहीये आणि ठेवणारही नाहीयेत, आईला फोनवर तीनदा सांगितलं.)

गाईडबाईंनी ओपॅलिनस क्लेचा, म्हणजे इथल्या त्या चिकणमातीच्या खडकाचा तुकडा हातात दिला. काळपट राखाडी, आणि नखाने खारीसारखे पापुद्रे सुटत होते. पाण्यात टाकला तर बघता बघता भुगा! म्हटलं याच्या भरवशावर कचरा ठेवणार? तर म्हणे हा मोकळा आहे म्हणून सुटतोय, डोंगराच्या दाबाखाली पाणी लागलं की तो फुगतो आणि स्वतःच्या भेगा स्वतःच बुजवतो.

मला सगळ्यात आवडला तो चिकटण्याचा भाग. मातीच्या थरांवर निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे अणुकचऱ्यातले सीझियमसारखे पॉझिटिव्ह आयन (चार्ज असलेले अणू) तिला धरून बसतात, त्यातही इलाइट नावाच्या खनिजाच्या झिजलेल्या कडांपाशी पोटॅशियमच्या जागा असतात ना, तिथे सीझियम असं काही फिट बसतं की सहजी निघत नाही. प्लुटोनियमही चांगलंच चिकटतं. पण कचऱ्यातलंच किरणोत्सारी आयोडीन-१२९? ते निगेटिव्ह, माती त्याला उलट ढकलते, म्हणजे ते जवळपास चिकटतच नाही, आणि हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा काळ) दीड कोटी वर्षांहून जास्त! हे त्यांनी लपवलं नाही, सरळ सांगितलं, यासाठी माझे पूर्ण मार्क.

मग आयोडीनला अडवणार कोण? तर वेळ. खडकातलं पाणी जवळजवळ वाहतच नाही, जे काही सरकतं ते डिफ्युजनने, म्हणजे कण आपोआप पसरत जाऊन, मुंगीच्या पावलाने. पुरावा खडकातच आहे, साधारण १७ कोटी वर्षांपूर्वी हा समुद्राचा गाळ होता आणि त्या छिद्रांमधलं पाणी आजही खारट लागतं! २०२२ मधे नाग्राने (अणुकचऱ्याची विल्हेवाट बघणारी स्विस संस्था) खऱ्या साठवणीसाठी उत्तर स्वित्झर्लंडमधलं नॉर्डलिश लेगर्न निवडलं, तिथेही हाच खडक.

बुकिंग आधी करा. आणि आत गारठा असतो, स्वेटर न्या, मी शहाणा टीशर्टवर गेलो होतो.